उंची हेडफोन आणि अँप: घरी ऐकायचं तर पैसा कुठे घालावा?

गोदाकाठ

तीस-चाळीस हजारांच्या पुढचा हेडफोन घ्यायचं कुणी ठरवलं, की दोन वाक्यांत चर्चा अँपवर, म्हणजे हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर जाते. किती वॉटचा, ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा), बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या तारांचा) की साधा. या गडबडीत हेडफोनसाठी बाजूला काढलेले निम्मे पैसे अँपकडे वळतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर मांडायचं म्हणून हा धागा. आवाजाचा पोत हेडफोन ठरवतो. अँप निवडणं हा हिशेबाचा भाग आहे, तो कागदावर करता येतो, आणि केला तर बहुतेकांना महागडा अँप लागतच नाही असं दिसतं.

आधी मी काय ऐकतो ते सांगतो, नाहीतर पुढच्या मतांना आधार राहणार नाही. हिंदुस्थानी कंठसंगीत, त्यातही जुनं. द. वि. पलुस्करांचं गाणं माझ्याकडे रोज लागतं. त्यांचा जन्म आपल्या नाशिकचाच, १९२१ चा, आणि १९५५ मध्ये ते गेले. म्हणजे त्यांचं जे काही उरलं आहे ते मोनो, तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ च्या तबकड्या आणि आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं. याच्या जोडीला अलीकडची चांगली स्टीरिओ ध्वनिमुद्रणं ऐकतो, ज्यांत दोन तानपुरे डावी-उजवीकडे वेगवेगळे कळतात. या दोन टोकांना एकच हेडफोन सारखाच न्याय देत नाही.

माझ्याकडे तीन आहेत. पहिला सेनहायझर एचडी ६५०. हा २००३ पासून बाजारात आहे, एचडी ६०० (१९९७) च्याच घराण्यातला. याचा मध्यसप्तक इतका सरळ आणि भरलेला आहे की गायकाचा आवाज समोर बसलेल्या माणसासारखा येतो. जुन्या तबकडीची खरखर तो मागे ठेवतो आणि शब्द पुढे आणतो. खालचा खर्ज मात्र हलका पडतो, आणि आवाजाचा पट, म्हणजे वाद्यं किती पसरलेली वाटतात तो, रुंद होत नाही. ओपन-बॅक (मागची बाजू जाळीची, उघडी), वजनाला हलका, पॅड आणि केबल सुटे मिळतात, त्यामुळे वर्षानुवर्षं चालतो.

दुसरा एचडी ८०० एस. मूळचा एचडी ८०० हा २००९ चा. त्यात ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोक होतं, ज्यामुळे सारंगी आणि हार्मोनियम कानात टोचायचे. २०१६ च्या ‘एस’मध्ये त्या जागी शोषक बसवून ते टोक खाली आणलं. मोकळेपणात याला तोड नाही. नव्या ध्वनिमुद्रणात तबला कुठे, तानपुरा कुठे, गायक माइकपासून मागे कधी सरकला, सगळं दिसतं. पण पलुस्करांची ७८ लावा, आणि तबकडीची खरखर आधी ऐकू येते, गाणं मागून.

तिसरा ऑडझी एलसीडी-एक्स. हा प्लॅनर जातीचा. नेहमीच्या हेडफोनमध्ये शंकूच्या आकाराच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. प्लॅनरमध्ये अतिशय पातळ सपाट पडद्यावरच वाहक रेषा छापलेल्या असतात आणि तो चुंबकांच्या जाळीसमोर पूर्ण पृष्ठभागाने हलतो. म्हणून खालचे स्वर शेवटपर्यंत सपाट जातात. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला येते. ती एलसीडी-एक्सवर तिच्या खऱ्या वजनाने येते, डग्ग्याची मींडही. उणीव दोन. आवाज किंचित मागे बसतो, जो इक्वलायझरने (वेगवेगळे स्वरपट्टे कमी-जास्त करायच्या सोयीने) पुढे आणता येतो. आणि वजन ६१२ ग्रॅम, ज्यावर कुठलाही इक्वलायझर चालत नाही.

आता अँपचा हिशेब. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिली की किती मोठा वाजतो). सेन्सिटिव्हिटी कधी १ मिलीवॉटला सांगतात, कधी १ व्होल्टला. हे न पाहता दोन हेडफोनचे आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष उलटा निघतो. घरी आपण सरासरी ७०-७५ डेसिबलवर ऐकतो. समेवर तबला आला की शिखर त्याच्या १५-२० डेसिबल वर जातं. मी सगळ्यांना ११० डेसिबलच्या शिखराची मोकळीक देऊन मोजतो, म्हणजे भरपूर झालं.

एचडी ६५० चा इम्पिडन्स ३०० ओहम आणि सेन्सिटिव्हिटी १ व्होल्टला १०३ डेसिबल. ११० साठी सव्वादोन व्होल्ट लागतात, आणि शक्ती म्हणाल तर फक्त १७ मिलीवॉट. एलसीडी-एक्स २० ओहमचा आणि १ मिलीवॉटला १०३ डेसिबलचा. त्याला ५ मिलीवॉट पुरतात, व्होल्टेज तर ०.३२. म्हणजे ज्याला लोक ‘मोठा प्लॅनर, मोठा अँप हवा’ म्हणतात, तो फोनच्या डोंगलवरही (फोनला लावायच्या हेडफोनच्या छोट्या जोडणीवर) पुरेसा मोठा वाजतो. आणि हायफायमॅन सुस्वारा हा प्लॅनर घ्या: ६० ओहम, १ मिलीवॉटला ८३ डेसिबल. त्याला त्याच पातळीसाठी अर्धा वॉट आणि साडेपाच व्होल्ट लागतात. एलसीडी-एक्सच्या शंभरपट शक्ती. महाग अँपची खरी गरज इथे आहे.

या हिशेबानंतर मी स्वतःसाठी एक साधा, स्वच्छ, सॉलिड स्टेट अँप ठेवला आहे आणि उरलेले पैसे हेडफोन आणि ध्वनिमुद्रणांवर घातले.

आणखी एक गोष्ट, जी परदेशातल्या तुलनांमध्ये कधीच सापडत नाही. ओपन-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. एप्रिल-मे महिन्यात छताचा पंखा तीनवर असला की तानपुऱ्याचा विरत जाणारा नाद त्याच्या घरघरीत बुडतो, मग हेडफोन लाखाचा असो की पाच हजारांचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशकात पंखा लागत नाही. हेडफोनची तुलना करायची तर ती या दिवसांत, रात्री, रस्ता शांत झाल्यावर करा.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः ज्यांना अँप बदलल्यावर मोठा फरक जाणवला त्यांनी, कोणत्या हेडफोनवर जाणवला तेही सांगा.

अंबडलिंकरोड

उत्तम धागा. हिशेबाशी पूर्ण सहमत, पण एक आकडा राहिला: अँपचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला विरोध. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा संकेत आहे. म्हणजे २० ओहमच्या एलसीडी-एक्सला अडीच ओहमच्या आतला अँप हवा, ३०० ओहमच्या सेनहायझरला ३७ पर्यंतही चालेल. कारण सोपं आहे. अँपचा आणि हेडफोनचा इम्पिडन्स मिळून व्होल्टेजची वाटणी करतात. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसला, की वाटणीही बदलते आणि आवाजाचा तोल हलतो.

कंपनीने आकडा दिला नसेल तर घरी मोजा. २०० हर्ट्झचा सलग स्वर लावा. हेडफोन न जोडता मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा, समजा ०.५० आलं. आता ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा मोजा, समजा ०.४८. फरक ०.०२, भागिले ०.४८, गुणिले ३३, म्हणजे जवळपास १.४ ओहम. झालं. आवाज कमीच ठेवा आणि स्वर २००-४०० हर्ट्झमधलाच घ्या, कारण स्वस्त मल्टिमीटर त्याच्या वर विश्वासाने मोजत नाहीत. ट्यूब अँप असेल तर ३३ ऐवजी ३३० ओहमचा रेझिस्टर वापरा, त्याच्यावर उगाच भार नको.

दोन अँपची तुलना करतानाही हाच मल्टिमीटर हाताशी हवा. दोन्हींची पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळली पाहिजे. एक १ व्होल्ट देत असेल तर दुसरा ०.९८ ते १.०२ मध्ये बसवा. अर्धा-एक डेसिबल मोठा असलेला अँप माणसाला मोठा न वाटता ‘अधिक मोकळा, अधिक जिवंत’ वाटतो. कानाचा स्वभावच तसा आहे. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवर पैसे खर्च करू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

मंदज्योत

गोदाकाठ, लेख आवडला, पण अँपला नुसत्या हिशेबात बसवण्याला माझा विरोध आहे. माझ्याकडेही एचडी ६५० च आहे आणि तो मी ट्यूब अँपवर ऐकतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जातीच्या, ज्याला ओटीएल म्हणतात. ६०८० ही नळी आहे त्यात. तोच हेडफोन साध्या अँपवर लावला की गाणं बरोबर असतं, पण कोरडं. ट्यूबवर तेच गाणं भरदार होतं, डग्गा गोल होतो, आवाजाला अंग येतं. हा भास आहे असं मला कुणी म्हणू नये. घरातल्या ज्यांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांनीही न सांगता ओळखलं आहे.

अँप म्हणजे फक्त व्होल्टेज पुरवणारा डबा असं मानलं, तर वाद्यं बनवणाऱ्याच्या हाताचं मोलही आकड्यांत मांडायला लागेल. ऐकताना मला जे मिळतं ते मी आकड्यासाठी सोडणार नाही.

अंबडलिंकरोड

मंदज्योत, भास आहे असं मी म्हणणारच नाही, कारण तो नाही. तुमचा फरक खरा आहे आणि तो मोजता येतो.

ओटीएल अँपचा आउटपुट इम्पिडन्स बराच जास्त असतो, १२० ओहम धरू. एचडी ६५० चा इम्पिडन्स नावाला ३०० आहे, पण १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे पडद्याची स्वतःची कंपनसंख्या आहे, तिथे तो ५०० च्या घरात जातो. आता वाटणी करा. ३०० ला ४२० पैकी ३०० भाग हेडफोनला मिळतात, ५०० ला ६२० पैकी ५००. डेसिबलमध्ये पहिल्या ठिकाणी २.९ ची घट, दुसऱ्या ठिकाणी १.९ ची. म्हणजे १०० हर्ट्झच्या आजूबाजूचा पट्टा बाकीच्यांपेक्षा १ डेसिबल वर उचलला गेला. डग्गा आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग नेमका तिथे राहतो. एवढ्या रुंद पट्ट्यात १ डेसिबल कानाला सहज कळतो. त्यात ट्यूबची दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येच्या स्वराची, थोडी भर.

त्यामुळे एचडी ६५० ला ओटीएल जोडणं हा विचारपूर्वक घेतलेला पर्याय आहे, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण हीच जोडी प्लॅनरला लावू नका. प्लॅनरचा इम्पिडन्स सगळीकडे सपाट असतो, त्यामुळे तोल बदलणार नाही, फक्त आवाज पडेल. १२० ओहमच्या अँपवर ६० ओहमचा प्लॅनर साडेनऊ डेसिबल गमावतो, आणि त्याला लागणारा करंट त्या नळ्या देऊ शकत नाहीत. २० ओहमच्या एलसीडी-एक्सवर तर आवाज फाटेल.

मंदज्योत

हे पटलं, आणि एक जुना प्रश्नही सुटला. माझ्या मेहुण्याने त्याचा प्लॅनर माझ्या अँपवर लावून पाहिला होता तेव्हा आवाज दबलेला आणि धुरकट आला होता. आम्ही हेडफोनला दोष दिला होता.

ट्यूब घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. हा अँप चांगलाच तापतो, बंद कपाटात ठेवू नका आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. आणि सुटे भाग जुळवून बनवायचा संच घेणार असाल तर आत दीडशे व्होल्टच्या वर डीसी असतो, वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. हात सरावलेला नसेल तर तयार घ्या.

काळीपाच

मी गाणं शिकते, यंत्रांतलं फार कळत नाही, पण हेडफोन निवडताना काय ऐकावं यावर लिहावंसं वाटतं.

दुकानात बहुधा ठेका जोरात असलेलं गाणं लावून दाखवतात. त्याने काहीच कळत नाही. मी नुसता तानपुरा लावते. चांगल्या जवारीचा (घोडीवर तार घासून येणाऱ्या गुंजेचा) तानपुरा छेडला की षड्जाच्या तारेतून वर गंधार सुटा ऐकू येतो, तो तारेवर मिळवलेला नसतो. हा गंधार हेडफोनवर स्वतंत्र उभा राहतो का, की सगळं एक झुंबड होऊन येतं, हे पहिलं ऐका. मग नाद विरताना ऐका. काही हेडफोनवर तो मध्येच संपल्यासारखा वाटतो.

दुसरं म्हणजे एकच गायिका, खालच्या षड्जापासून तार सप्तकापर्यंतचा आलाप. आवाजाचा आकार सगळीकडे तोच राहिला पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती अचानक जवळ आल्यासारखी वाटली, किंवा ‘स’, ‘श’ टोचले, तर त्या हेडफोनला तिथे टोक आहे. गोदाकाठ यांनी एचडी ८०० बद्दल ६ किलोहर्ट्झचं जे लिहिलं आहे ते मला आकड्याने माहीत नव्हतं, पण सारंगीच्या गजाची घासणी त्यावर नको इतकी पुढे येते हे मी ऐकलं आहे.

तिसरं जरा वेगळं. ‘प्रत्यक्ष मैफिलीसारखा आवाज’ असं आपण म्हणतो तेव्हा कुठली मैफल डोळ्यांसमोर असते? पिंपळपारावरची पाडवा पहाट किंवा कालिदास कलामंदिरातला कार्यक्रम, दोन्हीकडे आपण ऐकतो ते माइक, मिक्सर आणि स्पीकरमधून आलेलं. त्याचा भरणा, त्याचा घुमारा हा साउंडवाल्याने दिलेला असतो. माइकशिवाय गाणं ऐकायचं असेल तर घरगुती बैठकीत, गायकापासून दहा फुटांवर बसा. एकदा ते ऐकलं की कुठला हेडफोन खरं बोलतो हे ओळखायला फार वेळ लागत नाही. मला स्वतःला एचडी ६५० त्या बैठकीच्या सगळ्यांत जवळचा वाटतो, खालचा खर्ज कमी असूनही.

गोदाकाठ

काळीपाच, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत उपयोगी आहे. गंधाराची कसोटी मी आज रात्रीच तिन्हींवर लावतो.

भाड्याचीखोली

धागा वाचून आनंद झाला, पण मी वेगळ्या पायरीवर उभा आहे. नोकरी नुकतीच लागली आहे, इंदिरानगरला दोघं मिळून एका खोलीत राहतो. बजेट सगळं मिळून पंचवीस हजार. ओपन-बॅक घेतला तर रूममेटला सगळं ऐकू जाईल आणि त्याच्या फोनवरचं बोलणं मला. क्लोज्ड-बॅक घ्यावा का? आणि अँप-डॅकचे (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा आवाजाच्या विजेत बदल करणारा भाग) पैसे वेगळे काढू की आत्ता फक्त हेडफोन घेऊ? फोन अँड्रॉइड आहे, लॅपटॉप आहे. ऐकतो ते सगळं: भावगीतं, रॉक, थोडं शास्त्रीय.

गोदाकाठ

एकाच खोलीत दुसरा माणूस असेल तर क्लोज्ड-बॅक, दुसरा विचार नको. ओपन-बॅकचा आवाज बाहेर जातो म्हणजे कुजबुजीएवढा जात नाही, शेजारच्या पलंगावर बोल ओळखता येतात इतका जातो. पंचवीसातले जवळजवळ सगळे हेडफोनवर घाला. कमी इम्पिडन्सचा, ३२ ते ८० ओहममधला, सेन्सिटिव्हिटी बरी असलेला बघा. बेयरडायनॅमिक एकच मॉडेल वेगवेगळ्या इम्पिडन्समध्ये विकतं. डीटी ८८० हे ३२, २५० आणि ६०० ओहममध्ये आलेलं आहे (ते अर्ध-उघडं आहे, तुमच्या कामाचं नाही, फक्त उदाहरण). ६०० ओहमचं म्हणजे वरच्या दर्जाचं असं समजून घेऊ नका, त्याला फक्त जास्त व्होल्टेज लागतं.

डॅक-अँप म्हणून सध्या एक चांगला डोंगल पुरे. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल १ व्होल्ट देतो, आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत, आणि मोजमापात अतिशय स्वच्छ. अडचण एवढीच की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फारच कमी येतो. लॅपटॉपवर ती अडचण नाही. तुमचा वापर फोनवर जास्त असेल तर दुसऱ्या कंपनीचा डोंगल घ्या. युरोपसाठी बनवलेला ॲपलचा डोंगल निम्मंच व्होल्टेज देतो, त्यामुळे कुणी तिकडून आणून देत असेल तर विचारून घ्या.

लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ नावाची मोफत प्रणाली टाका. ऑटोईक्यू या प्रकल्पात हजारो हेडफोनच्या मोजमापांवरून काढलेल्या दुरुस्त्या आहेत, तुमच्या मॉडेलची उतरवून त्यात घाला. क्लोज्ड-बॅकमध्ये खालच्या मध्यात जो घुमटपणा असतो तो यातून खूप सावरतो. अँप बदलून जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक या फुकटच्या गोष्टीने पडतो.

भाड्याचीखोली

खूप आभार. डॅकबद्दलही एक वाक्य लिहा ना. मित्र म्हणतो डोंगलचा डॅक चांगला नसतो.

अंबडलिंकरोड

सीडीची १६ बिटची कक्षा, म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल. आजचा बरा डोंगल त्याहून स्वच्छ आहे आणि त्याच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा तुमच्या खोलीतला गोंगाट फार मोठा आहे. डॅकवर सध्या वेगळा खर्च नको. केबलवर तर कधीच नको, तुटली तर बदला.

जुनीतबकडी

वय सत्तरीपार. गोदाकाठ यांच्यासारखंच माझंही पलुस्करांवर प्रेम, आणि त्यांच्या वडिलांचा रामनाम आधार आश्रम इथेच नाशकात होता, हे नव्या वाचकांसाठी नोंदवतो.

माझे प्रश्न वयाचे आहेत. ६१२ ग्रॅमचा हेडफोन मला झेपणार नाही, मान दुखते. चष्मा लागतो, त्याची काडी पॅडखाली येते. आणि वरचे स्वर आता कमी ऐकू येतात, डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. म्हणून आवाज वाढवून ऐकतो. हे योग्य की अयोग्य? आणि अशा माणसाने उंची हेडफोन घ्यावा की पैसे वाया?

गोदाकाठ

काका, नमस्कार. पैसे वाया अजिबात नाहीत. गाण्याचा गाभा, म्हणजे स्वर, शब्द, गमक, हे सगळं ४ किलोहर्ट्झच्या खाली आहे आणि चांगला हेडफोन तिथेच ओळखू येतो. तुमच्यासाठी एचडी ६०० किंवा ६५० हेच सांगेन. २६० ग्रॅमच्या आसपास वजन, मखमली पॅड, चष्म्याची काडी त्यात रुतते. नवा असताना डोक्याला घट्ट बसतो, काही आठवड्यांत सैल होतो. प्लॅनरमध्ये काडीमुळे पॅडला फट पडली की खालचा स्वर गळतो, म्हणून चष्मेवाल्यांनी तो घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सगळा आवाज वाढवण्याऐवजी फक्त वरचा भाग इक्वलायझरने थोडा उचला. शक्य असेल तर ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) करून घ्या आणि तो तुमच्या डॉक्टरांना दाखवून किती उचलायचं ते विचारा. एकूण पातळी मात्र आवरती ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही ९२ वर ऐकत असाल तर आठवड्याचे अडीच तासच हातात राहतात. उरलेली श्रवणशक्ती जपणं हे कुठल्याही हेडफोनपेक्षा मोलाचं आहे.

मोनो ध्वनिमुद्रणं हेडफोनवर डोक्याच्या मध्यात बसतात, काहींना त्याचा शीण येतो. १९६० च्या आसपासच्या स्टीरिओत उलट होतं, गायक एका कानात आणि तबला दुसऱ्या. त्या स्टीरिओसाठी ‘क्रॉसफीड’ चालू करा, डावीकडचा थोडा आवाज किंचित उशिराने उजवीकडे देतो आणि कान शांत होतात. मोनोवर त्याचा उपयोग नाही.

जुनीतबकडी

९२ चं कोष्टक वाचून आवाज लगेच खाली आणला. हेडफोन आधी डोक्यावर घालून पाहायचा आहे. नाशकात तशी सोय कुठे?

काळीपाच

काका, एचडी ६५० माझ्याकडे आहे, घरी या आणि निवांत ऐका. गंगापूर रोडलाच राहते, इथे निरोप टाकलात तर पत्ता पाठवते. बाकीच्यांसाठी: मोठ्या किमतीचे हेडफोन ओळीने मांडून ऐकायचे तर मुंबईच गाठावी लागते. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी तिनेच परत येता येतं. जाताना स्वतःच्या फोनवर तानपुरा, एक आलाप आणि तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं एक जुनं ध्वनिमुद्रण उतरवून न्या. दुकानाच्या यादीतलं गाणं ऐकू नका. आणि पाऊण तास डोक्यावर ठेवा, पहिल्या पाच मिनिटांत वजन आणि गरमी कळत नाही.

सातपूरकॉलनी

आत्ताच सगळा धागा वाचला. थोडा अवांतर प्रश्न: टेबलावरच्या अँपला लॅपटॉप यूएसबीने जोडला की हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येते. हेडफोन बदलून पाहिला, तीच. अँप खराब समजू का?

अंबडलिंकरोड

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर अँप चांगला आहे, जमिनीच्या (अर्थिंगच्या) दोन वाटा झाल्यामुळे ते होतं आहे. अँप आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली, आणि लॅपटॉपला किंवा जवळच्या टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर ऑप्टिकल केबलने जोडा. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. चार्जरची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती जिवाच्या रक्षणासाठी आहे. घराच्या प्लगमध्ये अर्थिंग खरंच येतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचा प्लग असतो, पण मागे तिसरी वायर नसते.

सातपूरकॉलनी

बॅटरीवर गुणगुण गेली. इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावलं आहे.